टाकीवर बसणं

लोक समजतात की या घराचा पिढीजात धंदा पंपदुरुस्तीचा आहे. तसं नाही. पिढीजात धंदा रागाचा. पंप दुरुस्त होतात ते उरलेल्या वेळात. त्यामुळे हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, इको खोलीबाहेरच्या बाकावर सगळी माणसं त्या दुपारी एका ओळीत बसली होती आणि एकही जण शेजारच्याशी बोलत नव्हता, यात नवल नव्हतं. नवल एवढंच, की ज्याच्या रागाला हे घर आजवर भीत आलं तो माणूस, म्हणजे अप्पा, पलीकडच्या खोलीत खाटेला खिळला होता आणि भीती मात्र होती तेवढीच होती.

अप्पांनी तपासणीला नाही म्हटलं होतं. नाही म्हटलं म्हणजे काय, तर सुई घेऊन आलेल्या नर्सला नुसता तळवा दाखवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. नर्स बिचारी नवी होती. तिला वाटलं, आजोबांना झोप आली असेल.

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी सकाळी खाटेशी उभं राहून सगळं नीट समजावलं होतं. ज्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून झटका आला ती उघडली, पण फार उशिरा उघडली. साध्या इकोत हृदयाची पुढची भिंत हलताना दिसत नाही. आता न हलणारी भिंत दोन तऱ्हेची असू शकते. एक मेलेली, जिच्या जागी नुसता वण उरला आहे. दुसरी जिवंत, पण पुरेसं रक्त मिळत नाही म्हणून काम टाकून गप्प बसलेली. बाकीच्या वाहिन्याही अरुंद झाल्या आहेत, तेव्हा भिंत जिवंत असेल तर बायपास करण्यात अर्थ आहे, ती पुन्हा कामाला लागू शकते. मेलेली असेल तर छाती उघडण्याचा धोका घ्यायला सर्जन तयार नाहीत. मग औषधं, आरामखुर्ची आणि जिना बंद. कोणती ते कळायला शिरेतून अगदी बारीक बुडबुडे सोडायचे, आणि ते रक्ताबरोबर त्या भिंतीत पोचतात का, हे इकोच्या पडद्यावर बघायचं.

इथपर्यंत अप्पा शहाण्या मुलासारखे ऐकत होते. बुडबुडे म्हटल्यावर बिनसलं. कशाचे बुडबुडे, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, एका वायूचे. म्हणजे हवेचे, अप्पा म्हणाले. तसं समजा हवं तर, बाई म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

पंपाच्या माणसाला ‘तसं समजा’ म्हणून चालत नाही. लाईनीत हवा शिरली की पंप नुसता घरघरतो, पाणी उचलत नाही, कोरडा फिरत राहतो आणि जळतो. अप्पांनी उभा जन्म लोकांच्या लाईनींतली हवा काढण्यात घालवला होता. कुणी हलगर्जीपणे हवा राहू दिली तर त्याची सात पिढ्यांपर्यंत विचारपूस करायचे. आणि आता एक शिकलीसवरली बाई त्यांच्या स्वतःच्या पंपात मुद्दाम हवा भरणार होती. दुसऱ्या कुठल्याही घरातल्या म्हाताऱ्याने सुई मुकाट टोचून घेतली असती.

“त्यांची इच्छा नाही ना, मग संपला विषय,” थोरला मुलगा शेवटी म्हणाला. बाकावरची शांतता त्याने मोडली ती अशी.

“तुझ्या बापाची इच्छा आजवर कधी शहाणपणाची होती?” आत्या म्हणाली. ती अप्पांची मोठी बहीण. वाटणीच्या भांडणानंतर या घराची पायरी चढणार नाही म्हणाली होती, ती अजून चढली नव्हती. पण हॉस्पिटलला पायऱ्या नाहीत, लिफ्ट आहे, असं तिचं म्हणणं. “लहानपणी त्याला औषध द्यायचं तर मी छातीवर बसायचे त्याच्या. आता डॉक्टर बसू देत नाहीत, नाहीतर अजून बसले असते.”

आई थोरल्याच्या बाजूला बसली होती आणि बाजूनेही त्याच्याच होती. माणसाला नको तर नको, उगीच टोचाटोची कशाला, असं ती म्हणाली. धाकट्याने मान डोलवली. धाकट्याला घरात होयबा म्हणतात. तो शेवटी बोलणाऱ्याच्या मताचा असतो, त्यामुळे घरातल्या प्रत्येक भांडणात जो तो शेवटचं वाक्य आपलं व्हावं म्हणून झटतो, आणि भांडणं संपता संपत नाहीत.

मग तो बायकोकडे बघून म्हणाला, “अर्थात तपासणी करूनही बघायला हरकत नाही.”

धाकट्या सुनेने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती भिंतीला टेकून उभी होती, अंगात हॉस्पिटलचा निळा झगा. ती याच इको खोलीत काम करते. लग्न होऊन आली तेव्हापासून घरात तिच्या कामाला ‘फोटो काढणं’ म्हणतात, आणि तिने कधी दुरुस्ती केली नाही. या घरात दुरुस्तीचं काम पुरुषांकडे आहे.

थोरला बाकावरून उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली ॲम्ब्युलन्स धुण्याचं काम चाललं होतं. पाण्याचा पाईप मध्येच पिळवटला होता आणि धुणारा माणूस नळाकडे बघून शिव्या देत होता. एरवी थोरल्याने वरून ओरडून सांगितलं असतं. आज तो नुसता बघत राहिला.

घरच्या पंपदुरुस्तीच्या शेडमध्ये एक सिमेंटची टाकी होती. आजोबांनी स्वतःच्या हाताने बांधलेली. दुरुस्त झालेला प्रत्येक पंप त्या टाकीवर लावून चालवायचा. टाकीतलं पाणी उचलून टाकीतच फेकायचं. आणि ज्याने तो दुरुस्त केला त्याने टाकीच्या कठड्यावर, पंपाच्या अंगावर तळहात ठेवून बसायचं. ताप वाढतोय का, थरथर कुठून येतेय, हे हाताला कळतं. पंप चालू आहे तोवर उठायचं नाही. पाऊस असो, पाहुणा असो, घरात कुणी आजारी असो. याला टाकीवर बसणं म्हणतात. आजोबा बसले, अप्पा बसले, थोरल्याला वयाच्या मानाने फार लवकर बसवलं. एकदा तो लघवीला उठला होता तर अप्पांनी आठवडाभर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

झटका आला त्या सकाळी तो शेडमध्ये गेला तेव्हा अप्पा कठड्यावर बसलेले होते. सदरा घामाने अंगाला चिकटलेला, ओठ राखेच्या रंगाचे, डावा हात मांडीवर निर्जीव पडलेला. उजवा हात पंपावर. पंप मात्र झकास चालत होता. थोरला म्हणाला, अप्पा, उठा, काय होतंय? अप्पांनी पंपावरचा हात न हलवता त्याचं एक बोट वर केलं. थांब.

आणि थोरला थांबला. एवढा मोठा बाप्या, दोन पोरांचा बाप, बोट बघून थांबला. बापाच्या शेजारी कठड्यावर बसून राहिला, पंपाची फेरी पूर्ण होईपर्यंत. नंतर डॉक्टरांनी विचारलं, दुखणं सुरू होऊन किती वेळ गेला, इतका उशीर का झाला, तेव्हा तो म्हणाला की वाहन मिळालं नाही. तो कधी खोटं बोलत नाही, म्हणून सगळ्यांनी विश्वास ठेवला.

त्या आठवड्यात तो कपडे आणायला म्हणून घरी गेला, शेडमध्ये शिरला, आणि घण घेऊन टाकी फोडली. फोडताना रडला की नाही त्याचं त्याला माहीत. मग शेडला कुलूप लावून किल्ली खिशात घातली. घरातल्यांना वाटलं, अप्पांच्या माघारी धूळ नको म्हणून लावलं असेल.

खुर्चीत बसलेला बाप त्याला चालणार होता. टाकीवर मेलेला नको होता. आणि खुर्चीत बसलेल्या बापाला शेडपर्यंत चालत जाता येणार नव्हतं, हेही त्याच्या मनात होतं. ते मनात आहे याचा त्याला स्वतःचाच संताप येत होता.

आईने सुनेला कोपऱ्यात पाणी पिण्याच्या जागी गाठलं.

“हे तूच डॉक्टरणीच्या डोक्यात घातलंस ना?” ती म्हणाली. “आधीचा इको झाला तेवढा पुरे नव्हता? की सासऱ्याच्या अंगावर नवी मशिनं चालवून बघायचीत?”

सून पेला भरत होती. ती म्हणाली, तो इको तिने काढला नव्हता; घरच्या माणसाचा काढू देत नाहीत. पण पडद्यावर काय होतं ते तिने बघितलं होतं. बाकीचं हृदय आवळत होतं, सैलावत होतं, आणि पुढची भिंत तेवढी तशीच. भांडणात न बोलणाऱ्या माणसासारखी. मेलेली भिंत बहुतेक वेळा पातळ पडते, पांढरट दिसते. अप्पांची तितकी पातळ नव्हती. “म्हणून मी म्हटलं की बघावं. आई, मला कुणी विचारलं नाही म्हणून मी बोलले नाही. पण आता कुणी न विचारता बोलते. न बघता त्यांना खुर्चीत बसवाल, आणि भिंत जिवंत असेल, तर ती उपाशी राहून मरेल. हळूहळू. तुमच्या डोळ्यांदेखत.”

आईला खरं तर सुनेचा राग नव्हता. सून हाताशी होती इतकंच. राग होता तो नवऱ्याचा. त्या सकाळी ती चहा घेऊन शेडच्या दारापर्यंत गेली होती. त्याने तिलाही हात हलवून परत पाठवलं होतं, जा म्हणून, मांजराला घालवतात तसं. आणि ती गेली होती, कारण संसारभर ती त्या हाताच्या हलण्यावर आली-गेली होती. चहा तिने मोरीत ओतला. अजून रोज कप धुताना ती त्या हाताला शिव्या घालायची, मनातल्या मनात, आणि मग त्याला काही होऊ नये म्हणून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायची.

“चल,” ती सुनेला म्हणाली. “सांग त्यांना. मी आहे मागे.”

अशा रीतीने बाकावरच्या बाजू बदलल्या. आई सुनेच्या मागे चालू लागलेली बघून होयबा उठला, होयबा उठला म्हणून आत्या उठली, आणि थोरला खिडकीशी एकटा उरला. मग तोही धावला.

अप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते, पण जागे होते. हवेचं कारण खरं होतं, पण ते अर्धं. उरलेलं अर्धं ते कुणाला सांगणार नव्हते. बिघडलेला पंप गिऱ्हाईक घेऊन येतं तेव्हा त्याच्या तोंडावर एक आशा असते; खोलून बघेपर्यंत ती टिकते. खोलल्यावर आत जळलेलं तांबं दिसलं की संपलं. अप्पांनी ती तोंडं फार बघितली होती. खोललंच नाही तर पंप मेला असं कुणी म्हणू शकत नाही. भिंतीकडे बघत पडलं की निदान मेलेला नाही म्हणून पडता येतं. स्वतःच्या या पळपुटेपणाची त्यांना मनस्वी चीड येत होती, आणि ती नर्सवर निघाली होती.

“अप्पा,” सून म्हणाली, “इकडे तोंड करा. पाठीशी बोलायला मी काही तुमचा मुलगा नाही.”

आत्या खुसखुसली. अप्पा वळले. या सुरात या घरात त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं, निदान बायकांपैकी तरी.

“हवा हवा करून तुम्ही सगळ्यांना गुंडाळलंत, मला गुंडाळू नका. तुमच्या लाईनीत शिरते ती हवा अडकते, कारण तो बुडबुडा मोठा असतो. हे बुडबुडे तुमच्या रक्तातल्या कणांहूनही बारीक. रक्त जाईल तिथे जातात, थोड्या वेळाने विरतात आणि श्वासावाटे बाहेर पडतात. अडकायला जागाच नाही त्यांना. क्वचित एखाद्याला ॲलर्जी येते, तीही बहुधा लगेच दिसते. म्हणून बाई आणि मी दोघी तिथेच उभ्या असणार, आणि झाल्यावर थोडा वेळ तुम्हाला सोडणार नाही. आता हवेचं झालं. आता खरं बोला.”

“काय खरं?”

“टाकीवर न चालवता पंप भंगारात काढायचा नाही, हे कुणाचं म्हणणं?”

“माझ्या बापाचं.”

“मग तुम्हाला का काढतायत? आणि तुम्ही का काढून घेताय?”

अप्पांच्या कपाळाची शीर ताठ झाली. डोक्याशी लावलेल्या मशिनवरचा आकडा वर चढायला लागला. आईने ते बघितलं, पण सुनेच्या खांद्यावरचा हात काढला नाही.

“पुरे,” थोरला दारातून म्हणाला. “मशीन बघ जरा. मारायचंय का त्यांना? नको म्हणतायत ते. त्यांना आता शांतपणे—”

“शांतपणे काय?” अप्पा म्हणाले. “बोल की. शांतपणे काय करायचंय मी?”

“बसायचंय. घरी. खुर्चीत.”

“आणि टाकीवर कोण बसणार? तू? पंपातलं पातं, एक इम्पेलर, सरळ बसवता येत नाही तुला.”

हे वाक्य थोरल्याने हजारदा ऐकलं होतं. हजारदा त्याने ते गिळलं होतं. पण गिळायलाही जागा लागते, आणि ती आता संपली होती.

“कुणीच बसणार नाही,” तो म्हणाला. “टाकी नाहीये. फोडली मी.”

आत्याने खाटेचा गज धरला.

“कशाने?” अप्पांनी विचारलं. आयुष्यभराची सवय, आधी हत्यार विचारायचं.

“घणाने.”

“माझ्या बापाने बांधलेली.”

“हो. तुमच्या बापाने बांधलेली, तुमच्या बापाने घातलेला नियम, आणि तुमचं ते बोट. मी बाजूला बसलो होतो, अप्पा. तुम्ही काळेनिळे होत होतात आणि मी पंप थांबायची वाट बघत बसलो होतो. डॉक्टर म्हणतात उशीर झाला. कुणी केला उशीर? तुम्ही केलात, आणि मी तुमचं ऐकलं. आणि ही भिंत मेलेली निघाली तर मी ती पडद्यावर बघायची? नाही बघणार मी. फोडली टाकी. पुन्हा बांधलीत तर पुन्हा फोडीन.”

आई मटकन खाटेच्या कडेवर बसली. वाहन मिळालं नव्हतं, असं ती शेजारणींना सांगत होती. तिने मुलाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. दोघांत जास्त राग कुणाचा येतोय हे तिला ठरवता येईना. शेवटी ती नवऱ्याला म्हणाली, “मलाही असंच घालवलंत तुम्ही. हात हलवून. त्या पंपाने काय दिलं हो तुम्हाला, जे आम्ही नाही दिलं?”

अप्पा कोपरावर रेलून उठले. आपल्यामुळे पोराने खोटं बोलावं, टाकीवर घण घालावा, आणि हे सगळं आपल्या पाठीमागे. आपण इथे भिंतीकडे तोंड करून पडलेले. त्यांच्या अंगाचा भडका उडाला. पण तो कुणावर काढायचा हे कळेना. मग त्यांनी तो आयुष्यात पहिल्यांदा कामाच्या जागी वापरला.

“सुई आण,” ते सुनेला म्हणाले. “आणि हा येणार आत. बघू दे त्याला. बघणार नाही म्हणतो. बघायला लावतो.”

“मी नाही येणार,” थोरला म्हणाला.

“मग मीही नाही जात.”

“जा रे,” आत्या म्हणाली. “दोघं एकाच साच्यातले. एकाला ढकललं की दुसरा जाईल.”

होयबा म्हणाला, आपल्याला तर आधीपासूनच वाटत होतं की तपासणी व्हावी. कुणी लक्ष दिलं नाही.

इको खोलीत खिडक्यांचे पडदे ओढलेले असतात, मशिनच्या पडद्यावरचं नीट दिसावं म्हणून. अप्पांना डाव्या कुशीवर निजवलं, डावा हात डोक्याखाली. उजव्या हाताच्या शिरेत सुई. डॉक्टरीणबाईंनी इकोच्या प्रोबवर जेल घेतलं आणि प्रोब फासळ्यांच्या मध्ये टेकवला. गार आहे, अप्पा म्हणाले, तक्रार म्हणून. सून मशिनच्या पलीकडे, सलाईनला जोडलेल्या सिरिंजपाशी. आणि थोरला खाटेच्या डोक्याशी एका स्टुलावर, कारण बाईंनी त्याला बसा म्हणून सांगितलं.

पडद्यावर करड्या रंगाचं काहीतरी उघडझाप करत होतं. थोरल्याला आधी काही कळेना. मग कळलं. पंपच तो. झडप उघडत होती, मिटत होती. एक बाजू आत येत होती. दुसरी येत नव्हती.

सुनेने हळू दाबत बुडबुड्यांचं औषध सोडलं. आधी आतली पोकळी पांढरी झाली, सगळीच, दूध भरल्यासारखी. अप्पा पडद्याकडे बघत नव्हते. ते मुलाच्या तोंडाकडे बघत होते. पोकळी भरली यात काही नाही, बाई म्हणाल्या, तिथे रक्त जातंच. प्रश्न भिंतीचा. स्नायूच्या आतल्या बारीक वाटांनी बुडबुडे पोचतात का. त्यासाठी आता मशिनमधून ध्वनिलहरींचा एक जोराचा झटका देणार. भिंतीतले सगळे बुडबुडे फुटतील, भिंत काळी पडेल. मग नवं रक्त नवे बुडबुडे घेऊन येईल. जिथे येईल तिथे उजळेल. जिथे येणार नाही तिथे काळंच राहील.

“त्रास होईल का?” थोरल्याने विचारलं.

“त्यांना नाही,” बाई म्हणाल्या.

बटण दाबलं. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि मग भिंत सगळीकडून काळी पडली. थोरल्याचा हात आपोआप पुढे गेला आणि बापाच्या खांद्यावर टेकला, पंपावर ठेवतात तसा, तळवा पसरून. अप्पांना तो कळला. चांगल्या कारागिराचा हात कसा बसतो ते त्यांना माहीत होतं; इतकी वर्षं त्यांनी हे कबूल केलं नव्हतं इतकंच.

एक ठोका. मागची भिंत उजळली. आणखी एक. बाजूची. पुढची काळीच. सून पुढे वाकली. बोलायची तिची जागा नव्हती, म्हणून तिने ओठ दाताखाली धरले. आणखी ठोके गेले. थोरला मनात म्हणत होता, ये. ये की. तो बापाशी आजवर ज्या सुरात बोलला नव्हता त्या सुरात तो त्या काळ्या पट्ट्याशी बोलत होता.

मग वरच्या अंगाने काहीतरी झिरपलं. झिरपलंच म्हणायचं, आलं असं म्हणता येणार नाही. करड्या ठिपक्यांची एक विरळ रेघ, मग तिच्या शेजारी दुसरी. उशिरा, कसंबसं, कुठल्यातरी आडवाटेने, पण येत होतं. भिंतीचा बराचसा भाग मंद उजळला. अगदी टोकाशी एक तुकडा तेवढा काळा राहिला आणि तो शेवटपर्यंत तसाच राहिला.

बाईंनी सगळं पुन्हा एकदा करून बघितलं. पुन्हा तसंच. मग त्या म्हणाल्या की टोक गेलं आहे. ते परत येणार नाही. पण बाकीची भिंत जिवंत आहे. तिला रक्त मिळतंय, पोटभर मिळत नाही, म्हणून हलत नाही. सर्जनशी आजच बोलते. धोका आहेच, पण आता ऑपरेशनला अर्थ आहे.

सुनेने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि तोंड फिरवून मशिनची वायर गुंडाळू लागली. वायर गुंडाळायची वेळ झाली नव्हती.

अप्पांनी मान उचलली. “किती गेलं?” त्यांनी मुलाला विचारलं, डॉक्टरांना नाही.

“टोक,” थोरला म्हणाला. “बाकी आहे.”

“टाकी बांधून ठेवायची. मी घरी येईपर्यंत.”

“नाही बांधणार.”

“काय?”

“नाही बांधणार म्हणालो. तुम्ही ऑपरेशन करून घ्या, स्वतःच्या पायांनी शेडपर्यंत चालत या आणि माझ्या कानाखाली वाजवा. मग बघू.”

“वाजवीन,” अप्पा म्हणाले. “त्याची काळजी नको.”

बाहेर आत्याचा आवाज चढला होता. ती कुणाला तरी सांगत होती की घरच्या माणसांना काही कळवायची पद्धत आहे की नाही इथे. आई दाराच्या काचेला नाक लावून उभी होती. सुनेने तिला बघितलं आणि नुसती मान हलवली, हो म्हणून. आईने काचेवर डोकं टेकलं.

बाईंनी प्रोब पुसून ठेवला. तपासणी झाली, आता पेशंटवर थोडा वेळ लक्ष ठेवायचं, बाकीच्यांनी बाहेर बसायला हरकत नाही, असं म्हणून त्या फोन करायला गेल्या. थोरला स्टुलावरच होता. हात बापाच्या खांद्यावर तसाच होता. खाली, सदऱ्याच्या आत, कुठूनतरी लांबून, ठोके त्याच्या तळव्याला लागत होते.

“झालं की आता,” अप्पा चिडून म्हणाले. “ऊठ.”

थोरल्याने त्यांच्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या हाताचं एक बोट तेवढं वर केलं.

“चालू आहे अजून,” तो म्हणाला.